‘दे इकडे’ न म्हणायला शिकण्याचे ११,२१० रुपये

हॉटेलच्या दारातच सिक्युरिटीवाल्यानं पर्समधली डबी उघडायला लावली. आत शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा मायक्रोमीटर, बारीक जाडी मोजायचं साधन. “मॅडम, हे काय हत्यार आहे?” मोजायचं आहे म्हटलं. त्यानं उलटसुलट करून पाहिलं, टोकाचं रॅचेट दोनदा टकटक फिरवलं आणि सोडलं मला आत. ‘आपल्या कामातली एक वस्तू सोबत आणावी’ असं आमंत्रणाच्या मेलमध्ये लिहिलं होतं. हॉलमध्ये पोचले तर बाकीच्या एकोणीस जणांपैकी सोळांनी लॅपटॉप आणला होता.

तर ही ‘प्रभावी मेंटॉर’ नावाची दोन दिवसांची कार्यशाळा. चिंचवडच्या एका हॉटेलात, फेब्रुवारीत झाली. फी माणशी ९,५०० अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ११,२१०. कंपनीनं भरली. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे आणि मला भांडण नको. अशा कार्यशाळा पुण्यात पुष्कळ भरतात, मजकूरही साधारण सारखाच असतो. त्यामुळे जायचं की नाही हे ठरवायला हे वाचून उपयोग होईल.

मी भोसरीत एका मशीनिंगच्या कारखान्यात इन्स्पेक्शन बघते. गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग करतो आम्ही, माणसं सगळी मिळून एकशे चाळीस. तीस किंवा जास्त माणसं असली की १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. आमच्याकडे सहा आहेत, त्यातल्या दोन मुली माझ्याकडे. शिवाय एक डिप्लोमा ट्रेनी, लातूरची. त्यांना शिकवणारी मी, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं.

मग झालं असं, की आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे गाड्यांच्या उद्योगातल्या दर्जाच्या मानकाचं, ऑडिट लागलं. ऑडिटर शॉपमधल्या स्किल मॅट्रिक्सच्या बोर्डापुढे उभा राहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: प्रत्येकाच्या नावापुढे चार भागांचा एक गोळा असतो. एक भाग काळा म्हणजे शिकतोय, दोन म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली काम करतो, तीन म्हणजे एकट्यानं करतो आणि चारही काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. माझा गोळा २००९ पासून पूर्ण काळा. ऑडिटरनं त्यावर बोट ठेवून विचारलं, “या शिकवू शकतात, हे कशावरून?” आमचे प्लँट हेड माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. खरंच, कशावरून? मला शिकवताना कुणी कधी बघितलंच नव्हतं. पंधरा दिवसांत माझं नाव कार्यशाळेला गेलं.

पहिला दिवस लवकर उरकते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. सुरुवात ग्रीक गोष्टीनं. ओडिसियस युद्धाला जाताना मुलाला मेंटॉर नावाच्या मित्रावर सोपवून जातो, तिथून हा शब्द आला. हे सगळेच प्रशिक्षक सांगतात. पुढची मौज मात्र कुणी सांगत नाही. त्या गोष्टीत पोराला खरी वाट दाखवते ती अथीना देवी, मेंटॉरचं रूप घेऊन. म्हणजे मूळचा मेंटॉरसुद्धा बोर्डावरच्या काळ्या गोळ्यासारखाच, नावापुरता. शेजारच्या फोरमनला हे कुजबुजले तर तो इतका हसला की प्रशिक्षकांनी विचारलं, काही शेअर करायचंय का.

मग ‘ग्रो’ची चौकट. गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स, विल. समोरच्याचं ध्येय विचारा, आत्ता कुठे आहे ते विचारा, कुठले मार्ग दिसतात ते विचारा आणि शेवटी नक्की काय करणार ते त्याच्याच तोंडून काढून घ्या. पद्धत वाईट नाही. पण जोड्या लावून नाटुकली करायला लावली तेव्हा चाकणचा एक फोरमन अ‍ॅप्रेंटिस झाला आणि आयटी कंपनीतली एक बाई मेंटॉर. तिनं गोड आवाजात विचारलं, “तुमचं पाच वर्षांनंतरचं ध्येय काय?” तो लगेच म्हणाला, “मॅडम, परमनंट व्हायचंय.” हॉल चिडीचूप. कारण कारखान्यातल्या प्रत्येक पोराचं ध्येय तेच असतं आणि ते पुरं करणं कुठल्याच मेंटॉरच्या हातात नसतं. प्रशिक्षक म्हणाले, आपण हा मुद्दा पार्किंग लॉटमध्ये, म्हणजे नंतरसाठी, ठेवू. भिंतीवर त्या नावाचा कागद लावलेला होता. दोन दिवसांनी तो कागद तसाच गुंडाळून गेला. पहिल्या दिवसाचे माझे गुण त्या कागदासोबत गेले.

दुपारच्या जेवणात पनीर, व्हेज कोल्हापुरी (कोल्हापूरला कुणी ओळखणार नाही अशी), जिरा राईस, दोन-दोन गुलाबजाम. त्यानंतर ‘सक्रिय ऐकणे’ हे सत्र. कोण सक्रिय होतं ते विचारू नका.

आणखी एक दुखणं भाषेचं. पहिला दिवस सगळा इंग्रजीत, मधूनमधून हिंदी. वीसातले निदान बारा जण शॉप फ्लोअरवरचे, घरी आणि मशीनवर मराठी बोलणारे. ते तोंड मिटून बसलेले. संध्याकाळच्या चहाला मी प्रशिक्षकांना म्हटलं, “सर, तुम्ही सांगलीचे ना? मग बोला की.” ते जरा ओशाळले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मराठीत बोलले आणि जी माणसं काल मान हलवत होती ती प्रश्न विचारायला लागली. तेवढ्याचसाठी मी त्यांना मोठेपणा देते. माणूस चांगला आहे, स्लाइडी वाईट आहेत.

दुसऱ्या दिवसाची दुपार. पैसे वसूल झाले ते या साडेतीन तासांत.

सरांनी खिशातून दिव्याची दुपदरी वायर काढली. म्हणाले, हिची इलेक्ट्रिशियनची गाठ मारायची आहे, मी सांगतो तसं करा. आणि नुसतं तोंडानं सांगितलं: उजवा पदर डाव्याच्या मागून, लूप करून, अमक्यातून. एकालाही जमलं नाही. मग एक शब्द न बोलता नुसती करून दाखवली, भराभर. दोघांना जमली, तीही चुकीची. मग तिसऱ्यांदा नीट. आधी विचारलं, कुणी कधी प्लग जोडलाय का, ही गाठ कशासाठी असते माहीत आहे का (वायर ओढली गेली तर ताण स्क्रूवर न येता गाठीवर यावा म्हणून). मग एकेक पायरी दाखवत सांगितली. पुन्हा दाखवली, या वेळी प्रत्येक पायरीतली मेख काय ते सांगत. पुन्हा एकदा, आता ती मेख का महत्त्वाची ते सांगत. मग वायर आमच्या हातात. आम्ही केली, आणि करताना आम्हीच मोठ्यानं सांगायचं, काय करतोय आणि का. शेवटी, अडलात तर कुणाला विचारायचं ते सांगून बाजूला झाले. वीसच्या वीस गाठी बरोबर.

ही पद्धत त्यांची नाही, तसं ते म्हणालेही. पहिल्या महायुद्धाच्या वेळी चार्ल्स अ‍ॅलन नावाच्या माणसानं जहाजबांधणीच्या कामगारांसाठी अशा चार पायऱ्या बसवल्या: तयारी, दाखवणं, करून घेणं, तपासणं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते ४५ मध्ये, अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ म्हणून त्याच पायऱ्या, चौथी ‘मागोवा’ करून, कारखान्याकारखान्यांतून शिकवल्या, कारण अनुभवी माणसं लढाईवर गेलेली आणि मशीनवर नवी माणसं, त्यात बायकाही पुष्कळ. युद्धानंतर ते जपानात गेलं. आम्ही जे जपानी म्हणून डोक्यावर घेतो त्यातलं बरंचसं या मार्गानं आलेलं आहे. त्यांचं एक ब्रीद होतं: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. हे वाक्य स्क्रीनवर आलं तेव्हा मला आमच्या साहेबांची आठवण झाली.

१९९८ साली मी डिप्लोमा करून लागले तेव्हा इन्स्पेक्शनचे जे साहेब होते त्यांचा हात देवाचा होता. मापन म्हणजे काय ते मी त्यांच्याकडे बघून शिकले. बघूनच शिकले, कारण आपण गेज हातात घेतलं आणि दोन सेकंद चाचपडलो की ते म्हणायचे, “दे इकडे.” आणि स्वतः मोजून मोकळे. चार वर्षांत हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले असतील. आणि पुढची वीस-बावीस वर्षं तेच मी किती जणींना ऐकवले असतील, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा लख्ख कळलं.

कळलं ते असं. गाठीनंतर सर म्हणाले, आता ज्यांनी वस्तू आणली त्यांनी शेजाऱ्याला शिकवा. दहा मिनिटं. अट एकच, वस्तू एकदा त्याच्या हातात गेली की तुमचे हात पाठीमागे. माझा शेजारी एका कंपनीचा एचआर मॅनेजर, जन्मात मायक्रोमीटर न पाहिलेला. मोजायला घेतला हॉटेलचाच चहाचा चमचा, दांड्याची जाडी. मी सगळं सांगितलं. थिंबलवर, म्हणजे फिरणाऱ्या नळीवर, पन्नास खुणा, एक खूण म्हणजे शतांश मिलिमीटर, एक पूर्ण फेरा अर्ध्या मिलिमीटरचा. पकडायचा कसा, रॅचेटचे तीन टकटक. त्यानं मोजलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, “एक पूर्णांक अठ्ठावीस.”

होतं एक पूर्णांक अठ्ठ्याहत्तर. स्लीव्हवरची, म्हणजे न फिरणाऱ्या नळीवरची, अर्ध्याची रेघ उघडी झाली होती आणि ती त्यानं धरलीच नाही. सगळ्या नवशिक्यांची ही पहिली चूक. माझा हात पाठीमागून आपोआप सुटला, तोंडातून “दे इक…” निघालंच. सरांनी लांबून नुसती भुवई उंचावली. मी पुन्हा हात बांधले. सांगायला लाज वाटते, पण पुढची दोन मिनिटं मला भयंकर जड गेली. काय विचारावं सुचेना. शेवटी म्हटलं, “थिंबल मागे घेऊन शून्यापासून परत या, पण सावकाश, आणि प्रत्येक रेघ उघडी झाली की मला सांगा.” तो आला. एक रेघ, खाली छोटी एक रेघ, थांबला. “ही कशाची?” मी म्हटलं, तुम्हीच सांगा, फेरा केवढ्याचा सांगितला होता? आणि त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. नंतर त्यानं माझं पेन, त्याचं व्हिजिटिंग कार्ड, साखरेची पुडी, सगळं मोजलं. जेवायच्या हॉलपर्यंत सांगत होता लोकांना.

आता कागदपत्रं. चौऱ्याऐंशी पानांची गुळगुळीत फाइल, इंग्रजीत, त्यातली उपयोगाची पानं दोन. खिशात मावणारं चार पायऱ्यांचं कार्ड मात्र झकास, लॅमिनेट केलेलं, माझ्या एप्रनच्या खिशात अजून आहे. आणि कामाचे तुकडे पाडायचा तक्ता, तीन रकान्यांचा: पायरी, मेख, का. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय. ऑडिटरला काही फरक पडला नाही.

वसूल झाले म्हणतेय ते कशाच्या जोरावर, तर एप्रिलमधल्या एका शुक्रवारच्या.

अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, बोअर, म्हणजे आतलं भोक, ४२ एच-७. म्हणजे व्यास ४२.००० ते ४२.०२५ मिलिमीटर, पंचवीस मायक्रॉनचा खेळ (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सकाळचे पाच जॉब, म्हणजे पाच भाग, पास झाले होते. दुपारी तीनला लातूरच्या मुलीनं पुढच्या पाचांना लाल टॅग लावले. रीडिंग ४२.०३१. गाडी डॉकला लागलेली, डिस्पॅचवाला फोनवर फोन, व्हीएमसीचे (ते भाग कापणाऱ्या मशीनचे) सेटर मामा दारात कंबरेवर हात ठेवून उभे, “पोरीला गेज धरता येत नाही,” असं मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणत. बोअर गेज झुलवून काटा जिथून उलटा फिरतो तो बिंदू पकडायचा असतो, तिथे नवी मुलं चुकतात, हे मामांचंही बरोबर. माझ्या गळ्याशी “दे इकडे” आलं होतं. मी हात मागे बांधले. खरंच बांधले, मुलींना वाटलं मॅडमची पाठ धरली.

“अगं, रिंगवर शून्य परत बघितलंस?” बघितलं, म्हणाली, आणि माझ्यासमोर पुन्हा बघितलं (ठरल्या मापाच्या सेटिंग रिंगवर गेज आधी शून्याला लावतात). बरोबर होतं. झुलवणंही बरोबर. “मग सकाळचे पाच आणि हे पाच, फरक काय?” मशीन तेच, टूल तेच, गेज तेच, ती स्वतःशीच मोजत होती. पंच केलेला नंबर वाचायला तिनं जॉब उचलला आणि तसाच धरून राहिली.

“मॅडम, हा कोमट लागतोय.”

बाहेर शॉपमध्ये एप्रिलची दुपार, सदतीस-अडतीस डिग्री. आमची मोजायची स्टँडर्ड रूम वीस डिग्रीला, सेटिंग रिंग त्याच वीस डिग्रीला. गाडी लागली म्हणून ऑपरेटरनं मशीनवरून काढून, हवा मारून, जॉब सरळ हिच्या टेबलावर आणून ठेवलेले. मी तिला फक्त एक आकडा दिला: अ‍ॅल्युमिनियम मीटरला डिग्रीमागे तेवीस मायक्रॉन वाढतं. तिनं मोबाइलवर गुणाकार केला. बेचाळीस मिलिमीटर, सतरा डिग्री. सोळा मायक्रॉन. मग माझ्याकडे न बघता पाचही जॉब ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर मांडले आणि मामांना म्हणाली, “मामा, पाऊण तास.” पाऊण तासानं ४२.०१५. पाचही पास. मामा काही बोलले नाहीत, पण सोमवारपासून जॉब ट्रेमध्ये वेळ लिहून यायला लागले.

‘जॉब आल्यावर अर्धा तास रूममध्ये ठेवायचा’ हा नियम मी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. का ठेवायचा ते कधीच सांगितलं नव्हतं. कारण माहीत नसलेला नियम गाडी लागली की पहिला उडतो. तिसऱ्या रकान्याची किंमत मला तिथे समजली. त्या रात्री बसून आमच्या अकरा तपासण्यांचे तक्ते लिहायला घेतले. चार ठिकाणी ‘का’च्या रकान्यात मलाच काही लिहिता येईना. साहेबांनी सांगितलं म्हणून करत आले होते. त्यातल्या दोन गोष्टी चौकशी करून बंद केल्या.

आता कार्यशाळेनं काय दिलं नाही ते. त्या पाऊण तासाचा जाब शनिवारी मला द्यावा लागला, डिस्पॅचच्या मीटिंगमध्ये. दोन दिवसांत वेळेचा हिशेब कुणी काढलाच नाही. शिकवायला लागणारे तास कुठून आणायचे, ते कुणाच्या टार्गेटमधून वजा होणार, यावर एक स्लाइड नाही. आणि ज्याला हे ठरवता येतं तो मॅनेजर अशा कार्यशाळेला येत नाही, तो फक्त मेलला ‘अप्रूव्ह्ड’ लिहितो.

दुसरं, प्रश्न विचारा, उत्तर देऊ नका, हे फार ताणलं. हातमोजे घालून पोरगं फिरत्या चकजवळ चिंधी घेऊन गेलं तर ‘तुला काय वाटतं, काय होईल?’ असं विचारत बसायचं? तिथे बोंब मारायची आणि लाल बटण दाबायचं. हे मी विचारलं तर सर म्हणाले, अर्थात, सेफ्टी वेगळी. मग ते आधी सांगा ना. हॉलमधल्या लॅपटॉपवाल्यांना ते माहीत असायचं कारण नाही.

तिसरं, मेंटॉर आणि बॉस एकच नसावा म्हणाले. पटतं. पण आमच्या क्वालिटीत कायमची माणसं चार. मीच शिकवणार, मीच त्यांचा गोळा काळा करणार. मोठ्या कंपन्यांची उदाहरणं देऊन विषय संपवला. मी माझ्यापुरती तोड काढलीय. शनिवारी साडेतीन ते चार, कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर चहा. तिथे जे बोललं जाईल ते मॅट्रिक्सवर चढत नाही, असा शब्द दिलाय. पहिले तीन शनिवार मुली नुसत्या बिस्किटं खात होत्या. चौथ्या शनिवारी एकीनं सांगितलं की व्हर्नियर, मापाचं आणखी एक साधन, तिच्या हातून पडला होता आणि तिनं तसाच डब्यात ठेवला. सोमवारी मी तो गुपचूप कॅलिब्रेशनला पाठवला. जबडा वाकला होता. किती जॉब त्यानं मोजले गेले ते काढायला दोन दिवस गेले, पण नाव कुणाचं घेतलं नाही.

‘तीस दिवसांनी फॉलो-अप कॉल’ असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. कॉल आला एकेचाळिसाव्या दिवशी. एका मुलीनं विचारलं, मॅडम, पाच स्टार द्याल का? चौथी पायरी मागोव्याची, असं ज्यांनी आम्हाला दुपारभर घोकून घेतलं, त्यांचीच.

मी साडेतीन देते. जेवण, एसी आणि पहिला दिवस धरून. एसी इतका की स्वेटर न्याच. नुसती दुसरी दुपार असती तर पाच.

ज्यांच्याकडे हातानं शिकवायचं काम आहे, टूलरूम, लॅब, वॉर्ड, स्वयंपाकघर, त्यांनी जावं आणि वस्तू नक्की न्यावी. ज्यांना फक्त सर्टिफिकेट हवंय त्यांनाही ते मिळेल, आडनाव तपासून घ्या. मी संस्थेला विचारलंय, फक्त दुसरा दिवस, आमच्या शॉपमध्ये, मराठीतून, सेटर लोकांसाठी कराल का. वीस माणसांचे पंचेचाळीस हजार म्हणाले. मामा यायला तयार आहेत. प्लँट हेडना कागद दिला तर म्हणाले, पुढचं ऑडिट लागू दे, मग बघू.